जुनी टर्बो गाडी माळव्यात : भरवसा आणि रस्त्यावरची पकड

टर्बोचार्जर असलेली स्पोर्ट्स गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की तिच्यावर दोन प्रकारचा खर्च सुरू होतो. एक, ती कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी तिला ठेवण्याचा. दुसरा, तेव्हा होती त्याहून तिला सरस करण्याचा. व्यवहारात हे दोन्ही खर्च एकमेकांत मिसळतात आणि बहुतेक नुकसान तिथेच होते. फाटक्या बुशांवर कडक स्प्रिंगा चढतात, हवा गळणाऱ्या होजवर इंजिनाच्या संगणकाचा, म्हणजे ईसीयूचा, रीमॅप होतो, जुन्या क्लचवर नवा टॉर्क येतो. पैसे जातात, गाडी मात्र आधीपेक्षा बेभरवशाची होते. म्हणून या विषयाचा कणा सुट्या भागांची यादी हा नसून कामांचा क्रम हा आहे: कोणते काम आधी, कोणते नंतर, आणि कोणते उज्जैनसारख्या उष्ण, काळ्या मातीच्या प्रदेशात करूच नये.

भारतात मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या पेट्रोल टर्बो गाड्या उशिरा आल्या, आणि त्यांतल्या ठळक गाड्या महाराष्ट्रातच तयार झाल्या. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २००४ मध्ये आली. ती आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे जोडली जाई. तिचे १.८ लिटरचे, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले इंजिन इथे १५० अश्वशक्तीचे होते. युरोपातल्या आरएसमध्ये त्याच जातीचे इंजिन १८० देत असे. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावहून फियाटची लिनिया टी-जेट २०१० मध्ये निघाली: १.४ लिटर, ११४ अश्वशक्ती, २०७ न्यूटन-मीटर. त्याच इंजिनाची १४५ अश्वशक्तीची आवृत्ती घेऊन अबार्थ पुंटो २०१५ च्या ऑक्टोबरात बाजारात आली. त्याआधी, २०१३ मध्ये, चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय आली होती: १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती आणि दोन क्लचचा सात गिअरचा स्वयंचलित गिअरबॉक्स. काटेकोर अर्थाने यांतली एकही दोन आसनी स्पोर्ट्स कार नाही. मागे माणसे बसतात, डिकीत सामान मावते, आणि म्हणूनच त्या सामान्य घरांत टिकल्या. उज्जैन, इंदूर, देवासच्या मराठी घरांचे नाशिक-पुण्याशी येणेजाणे शिंदे-होळकरांच्या काळापासूनचे आहे. अशा घरात पुण्याहून वापरलेली आरएस किंवा अबार्थ येणे अगदी स्वाभाविक.

या गाड्यांची मूळ घडण सारखी आहे आणि पुढच्या सगळ्या विवेचनाला तिचाच आधार आहे. इंजिन पुढे आडवे, ताकद पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. म्हणजे पुढची दोन चाके गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा मोठा वाटाही उचलतात. टर्बोमुळे टॉर्क एकदम वाढतो, तोही याच दोन चाकांवर. मागची दोन चाके एकाच लवचिक तुळईला बांधलेली असल्यामुळे एकाला बसलेला धक्का काही अंशी दुसऱ्यालाही जाणवतो. ही रचना साधी, स्वस्त आणि टिकाऊ आहे. तिच्या मर्यादा ओळखून केलेली सुधारणा कामी येते. तिला शर्यतीच्या गाडीचे सस्पेन्शन बनवण्याचा आटापिटा केला तर खर्च वाया जातो.

आता टर्बोकडे. सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूवर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. रस्त्यावरच्या गाडीत ती १९६२ मध्ये अमेरिकेत आली, आणि त्या पहिल्या गाड्यांतल्या ओल्डस्मोबील जेटफायरची हकीकत आजच्या मालकानेही लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.२५ ला १ इतके चढे होते. इंजिन ठोकू नये म्हणून पाणी आणि अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावे लागे. टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला वाढीव दाब, कमी करी. अनेक मालकांनी टाकी भरलीच नाही, दुरुस्तीला नेणे टाळले, आणि पुढे कंपनीनेच कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बुरेटर बसवून दिले. दोन वर्षांत गाडी बंद झाली. यंत्र हुशार होते, पण त्याची निगा रोजच्या वापरात बसणारी नव्हती. जुन्या गाडीत केलेल्या प्रत्येक बदलाला हीच कसोटी लागते.

लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्याच्या एका टोकाला नऊशे अंशांच्या आसपासचा वायू असतो, दुसऱ्या टोकाला शेतावरून आलेली हवा, आणि मध्ये तेलाचा पातळ पडदा. हा पडदा तुटला की टर्बो गेला. वेगाने आलेली गाडी दारात उभी करून लगेच बंद केली तर दांड्याभोवतीचे तेल तिथेच थांबते, तापते आणि जळून कोळशासारखे कडक होते. तेलाची बारीक नळी अशा थरांनी हळूहळू बुजते. शेवटचे दोन-तीन किलोमीटर संथ चालवणे आणि थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवणे या सवयीला एक रुपया लागत नाही, पण बाजारातल्या कोणत्याही महागड्या भागापेक्षा टर्बोचे आयुष्य तीच जास्त वाढवते.

माळव्यात या उष्णतेच्या प्रश्नाला धार येते. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंच आहे, त्यामुळे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के कमी. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. १५ अंशांच्या हवेशी तुलना केली तर ४५ अंशांची हवा तितक्याच दाबाला सुमारे नऊ टक्के विरळ असते. ठरलेला दाब गाठण्यासाठी टर्बोला जास्त फिरावे लागते आणि तो जास्त तापतो. आकडा मांडून पाहावा. हवा मूळ दाबाच्या १.६ पट दाबायची आहे आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर २० अंशांची हवा दाबल्यावर सुमारे ८० अंशांची होते. ४५ अंशांची हवा सुमारे ११० अंशांची. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जानेवारीतल्या सकाळी जे काम पडते त्याहून मेच्या दुपारी त्याचे काम कितीतरी कठीण, कारण हवा तीस अंशांनी जास्त तापलेली येते आणि तिला थंड करणारा वाराही तापलेलाच असतो.

हवा गरम राहिली की ठिणगीने लागलेली ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि इंजिन ठोकते. नॉक सेन्सर ते ऐकतो, ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो, ताकद उतरते. हिवाळ्यात डायनो या ताकद मोजण्याच्या यंत्रावर दिसलेली वाढीव ताकद उन्हाळ्यात का सापडत नाही, याचे उत्तर इथे आहे. सेन्सर जुना, प्लग झिजलेले आणि रीमॅप फार ताणलेला असेल तर नुसती ताकद उतरण्यावर भागत नाही. पिस्टनच्या कडा तुटतात. माळव्यात पहिला पैसा थंडाव्यावर खर्च व्हावा, तो या हिशोबामुळे.

या थंडाव्याची तपासणी बंपर काढून करावी. बोनेट उचलून वरून दिसते ते पुरेसे नाही. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या पापुद्र्यांत काळ्या मातीची धूळ तेलकट थरासह बसते. ऑक्टोबरात सोयाबीन निघते, मार्च-एप्रिलमध्ये गहू. त्या दिवसांत भुसकट रस्त्यावर उडत असते आणि गाडीच्या तोंडात ओढले जाते. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीत एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत बोटभर जाड भुसकटाची गादी सापडू शकते. जोराच्या पाण्याने धुतले तर पापुद्रे वाकतात; मागच्या बाजूने, हलक्या धारेने धुवावे लागते. पंख्याचे दोन्ही वेग चालतात का हे वेगळे तपासावे, कारण पहिला वेग बंद पडला तरी दुसऱ्या वेगावर गाडी महिनोन्महिने निभावून नेते आणि गर्दीत अडकल्यावर एकदम उकळते. उज्जैनच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीत हे हमखास घडते: २०१६ चा सिंहस्थ एप्रिल-मेमध्ये झाला, २०२८ चाही ऐन उन्हाळ्यातच येणार आहे, आणि मैल-मैल रांगेत सरकणाऱ्या गाडीला वाऱ्याची मदत मुळीच नसते.

कुलंटमध्ये बोअरचे पाणी घालू नये. काळ्या पाषाणातून येणारे हे पाणी जड असते. त्याचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरच्या कोअरमध्ये बसतात. कंपनीने सांगितलेले कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे, हे प्रमाण थंडीपेक्षा गंज आणि उकळबिंदू यांच्यासाठी पाळायचे आहे. कुलंटच्या टाकीचे झाकण थकले तर दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळते. दोन-चारशे रुपयांचे झाकण हेड गॅस्केट वाचवते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी गॅरेजी युक्ती या इंजिनांना घातक आहे. इंजिन थंडच राहिले तर ईसीयू जास्त पेट्रोल टाकत राहतो, सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुतले जाते आणि झीज वाढते.

यापुढे प्रत्येक इंजिनाचे स्वतःचे दुखणे येते. ऑक्टाव्हिया आरएसच्या १.८ इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो आणि मूळ पंपाचे पाते प्लॅस्टिकचे असे. ते तडकून दांड्यावर सुटे फिरू लागले की बेल्ट धड असूनही पाणी खेळत नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून बेल्ट, टेन्शनर, रोलर आणि धातूच्या पात्याचा पंप हे सगळे एकाच वेळी बदलायचे, किलोमीटर कमी झाले असले तरी वय पाहून. मागच्या मालकाने बेल्ट कधी बदलला याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असेच धरावे. याच इंजिनाच्या इग्निशन कॉइल उन्हाळ्यात जातात. चार नव्या बसवून जुन्यांतली चांगली एक डिकीत ठेवणे शहाणपणाचे. इनटेकखाली दडलेल्या रबरी नळ्या हा याहून मोठा विषय. क्रँककेसची वाफ वाहून नेणारी नळी वरून ठीक दिसते. बोटाने खालची बाजू दाबली की ती भिजल्या पुठ्ठ्यासारखी आत जाते आणि हाताला काळे तेल लागते. अशा नळीतून मोजमापाबाहेरची हवा आत येते, मिश्रण बिघडते, गाडी अडखळते, आणि गॅरेजमध्ये एकामागून एक सेन्सर बदलले जातात. धुराचे यंत्र लावून गळती शोधण्याची चाचणी अर्ध्या-एक तासाची आहे. जुन्या टर्बो गाडीवर पहिल्याच दिवशी ती करावी.

टी-जेट इंजिन त्या मानाने सोपे. त्यालाही टायमिंग बेल्टच आहे आणि त्याचा नियम तोच. मुख्य अडचण सुट्या भागांची: फियाटने भारतातला आपला गाड्यांचा बाजार आवरता घेतला, त्यामुळे बॉडीचे आणि सस्पेन्शनचे काही भाग शोधावे लागतात. अबार्थ विकत घेताना इंजिनाच्या आवाजापेक्षा हेडलाइट, बंपर आणि अंडरबॉडीची अवस्था जास्त बारकाईने पाहावी, कारण इंजिन दुरुस्त होते आणि फुटलेला दिवा महिनोन्महिने मिळत नाही. पोलो टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांवर कार्बन चढतो. तिचा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स उष्णता आणि सरकती गर्दी यांना नाजूक. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभर याच जातीच्या गिअरबॉक्समधले सिंथेटिक तेल काढून खनिज तेल घालण्याची मोहीम घेतली होती. या गिअरबॉक्सची घोषित मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे आणि मूळ इंजिन १७५ देते. मधली जागा मोकळी दिसते, पण बाजारातले रीमॅप ती जवळपास सगळी खाऊन टाकतात. तापलेल्या क्लचसाठी काहीच शिल्लक उरत नाही.

तेलाबद्दल थोडक्यात. कंपनीने दिलेला दर्जा आणि ५डब्ल्यू-४० सारखी जाडी पाळावी. १५,००० किलोमीटरची मुदत मात्र जुन्या टर्बोला, धुळीच्या प्रदेशात, निम्म्यावर आणावी. तेल टाकण्याचे झाकण उघडून आत टॉर्च मारावी. पिवळट तांबूस चमक असेल तर ठीक. काळा डिंक दिसला तर खालचे पॅन उतरवून तेल ओढणाऱ्या जाळीपर्यंत साफसफाई करावी लागते. त्याशिवाय नवा टर्बो बसवणे म्हणजे तोही घालवणे. टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहता येतो. आडवा किंचित हलला तर चालते, पण पुढे-मागे जाणवण्याइतका सरकला किंवा पाते घराला घासल्याची खूण दिसली तर तो उतरवायचा.

इंधनाचा प्रश्न गेल्या काही वर्षांत बदलला आहे. पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल ठोक सहन करते, हा टर्बोला फायदाच. पण त्याच्यात ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश कमी असते, म्हणजे तेवढ्याच कामाला जास्त इंधन फवारावे लागते. मूळ अवस्थेतल्या गाडीचा ईसीयू ही तफावत बऱ्याच अंशी भरून काढतो. रीमॅप केलेल्या गाडीत इंजेक्टर आणि पंप आधीच काठावर असतील तर तिथे मिश्रण पातळ पडते, आणि पूर्ण बूस्टवर पातळ मिश्रण म्हणजे जळलेला पिस्टन. २००४ च्या गाडीतल्या रबरी इंधननळ्या, सील आणि पंपाचे जोड अशा मिश्रणासाठी तयार झालेले नव्हते. ते नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत, फिल्टर लवकर बदलावा आणि पावसाळ्यात गाडी महिना-महिना अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नये. इथेनॉल हवेतला ओलावा धरते.

हे सगळे झाल्यावर, आणि झाल्यावरच, ताकदीचा विचार येतो. सौम्य रीमॅप, मोठा किंवा जास्त घट्ट विणीचा इंटरकूलर आणि मूळच्याच आकाराचा चांगला एअर फिल्टर, एवढ्यावर रस्त्यावरची गाडी थांबावी. उघड्या कोनाकृती फिल्टरचा आवाज आकर्षक असतो, पण तो इंजिनाच्या खोलीतली तापलेली हवा ओढतो आणि काळ्या मातीची धूळ आत सोडतो. रीमॅप करणाऱ्याने लॅपटॉपवर बूस्ट, ठिणगीची पिछेहाट आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान यांची नोंद मेच्या दुपारी घेतली पाहिजे. जानेवारीत केलेला रीमॅप उन्हाळ्यात पुन्हा तपासल्याखेरीज पुरा झाला असे म्हणता येत नाही. टॉर्क वाढला की पुढची कडी क्लच. चढावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पॅडल दाबल्यावर फेरे वाढतात आणि वेग वाढत नाही, तर क्लच संपला आहे.

पकडीच्या बाबतीत माळव्याचा रस्ता हाच मोठा शिक्षक. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लांब लाटांसारखा वरखाली होतो. खड्डा दिसतो, लाट दिसत नाही. ऐंशीच्या वेगात गाडी लाटेवर उचलली जाते, खाली येते, आणि थकलेला शॉक ॲब्सॉर्बर असेल तर दुसऱ्या लाटेपर्यंत ती स्थिरावतच नाही. अशा रस्त्याला स्प्रिंगच्या कडकपणापेक्षा चांगले डँपिंग आणि पुरेसा प्रवास हवा असतो. गाडी बसवणाऱ्या छोट्या स्प्रिंगा नेमका हा प्रवास खातात. चाक वर सरकायला जागा उरत नाही, बंप स्टॉपवर आदळते, आणि त्या क्षणी ते चाक पकड सोडते. शिवाय पुढच्या आर्मचे कोन बिघडतात, ड्राइव्ह शाफ्टचे जोड वाकड्या कोनात चालतात, आणि गल्लीतल्या उंच गतिरोधकावर पॅन घासते. उज्जैनच्या गाडीला बसकी स्प्रिंग ही सुधारणा नव्हे, हे स्पष्ट सांगणे भाग आहे.

पकडीचे काम टायरपासून सुरू होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचा, उन्हात उभ्या गाडीचा टायर कडक झालेला असतो आणि पहिल्या पावसात ते उघड होते. रुंदी एका पायरीपेक्षा वाढवू नये. फार रुंद टायर रस्त्याच्या चरांत ओढ घेतो आणि पाण्यावर लवकर तरंगतो. एकूण व्यास मूळचाच ठेवावा, नाहीतर स्पीडोमीटर आणि एबीएस दोन्ही चुकतात. चाकाचा व्यास वाढवून टायरची भिंत पातळ केली तर रिम वाकते.

त्यानंतर बुश. हे काम कोणाला दाखवता येत नाही, म्हणून ते मागे पडते. फरक मात्र सर्वांत जास्त याच कामाने पडतो. गाडी लिफ्टवर घ्यावी, लोअर आर्मच्या मागच्या बुशजवळ टॉमी लावून हलके उचलावे. निरोगी रबर ताणते आणि परत येते. मेलेल्या रबरात धातूची नळी सैल हलते आणि कडेने अर्धचंद्राकृती चीर उघडते. ब्रेक दाबल्यावर हे चाक मागे सरकते, सोडल्यावर पुढे येते, म्हणजे अलाइनमेंट दर ब्रेकला बदलते. असे बुश असलेल्या गाडीचे अलाइनमेंट यंत्रावर कितीही अचूक केले तरी ते रस्त्यावर टिकत नाही. टॉर्शन बीमच्या दोन मोठ्या बुशांचे तेच: ते गेले की वळणात मागची तुळई तिरपी होते आणि गाडी शेपूट हलवल्यासारखी वागते. नवे बुश मूळ रबराचे घ्यावेत. पॉलियुरेथेनचे बुश चपळाई देतात, पण धक्का आणि आवाज थेट बॉडीत पाठवतात; घ्यायचेच तर मऊ जातीचे आणि पुढच्या आर्मपुरते. नव्या बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत. लटकत्या चाकांवर आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षभरात फाटते. बऱ्याच गॅरेजांत हीच चूक होते. सोबत इंजिनाचे खालचे माउंट बदलले की टर्बोचा टॉर्क आल्यावर इंजिन मागे-पुढे डुलणे थांबते आणि स्टिअरिंगची ओढही कमी होते.

शॉक ॲब्सॉर्बर चारही बदलावेत, वरच्या माउंट आणि बेअरिंगसह; मूळ दर्जाचे किंवा त्याहून थोडे घट्ट गॅसचे. मग अलाइनमेंट. मागच्या बाजूला जाड अँटी-रोल बार बसवला की पुढची चाके वळणात बाहेर पळणे कमी होते, हे खरे. पण टॉर्शन बीमच्या गाडीत मागचा आतला टायर लवकर सुटतो आणि ओल्या रस्त्यावर वळणात पॅडल अचानक सोडल्यास मागचा भाग फिरतो. हा बदल शेवटी, आणि सवय असलेल्या चालकापुरताच.

ब्रेकची परीक्षा सपाट उज्जैन-इंदूर रस्त्यावर होत नाही. ती इंदूरहून महाराष्ट्राकडे उतरताना मानपूरच्या घाटात होते, भरलेली गाडी आणि समोर ट्रकची रांग असताना. डीओटी ४ ब्रेक ऑइल नवे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे, फुगलेल्या रबरी नळ्यांच्या जागी नव्या घेणे, कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून ग्रीस लावणे आणि बरे पॅड, एवढ्याने मूळ आकाराच्या डिस्क सौम्य रीमॅपला पुरतात. मोठ्या डिस्कचा खर्च क्वचितच सार्थ ठरतो.

बदल केल्यावर तो तपासायचा कसा? इंदूरपलीकडे पीथमपूरला नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची वेगाची धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली. ती वाहन उद्योगाच्या चाचण्यांसाठी आहे. खासगी मालकाला रोजचाच रस्ता पुरतो, जर एका वेळी एकच बदल केला, टायरचा दाब आणि भार तोच ठेवला, आणि तापमान, बूस्ट, पेट्रोलचा खप, टायरची झीज वहीत लिहिली. एकाच आठवड्यात टायर, शॉक आणि अँटी-रोल बार बदलले तर गाडी बिघडली तरी कशाने बिघडली ते कळत नाही. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, एकच कड झिजली तर चाकाचे कोन. पावसाळ्याआधी आणि नंतर अशी दोनदा ही पाहणी केली की बुशांची अवस्थाही तिच्यातून समजते.

राहिला कायदा. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या मूळ वर्णनाविरुद्धचे बदल चालणार नाहीत असा निर्णय दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मूळ दर्जाचे बुश, शॉक, पॅड, होज किंवा मूळ मापाचे टायर यांना यातले काही लागू होत नाही. ही देखभाल आहे. इंजिन बदलणे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावणे हे थेट कायद्याच्या कक्षेत येते, आणि कन्व्हर्टर काढलेली गाडी पीयूसीलाही अडते. रीमॅप किंवा वेगळी चाके विमा कंपनीला लेखी कळवावीत. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी नकाराचे कारण होऊ शकतो. महाराष्ट्रातून आणलेल्या गाडीला तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि मध्य प्रदेशचा कर लागतो. पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणीचे नूतनीकरण तपासणीनंतर होते; मोटारीसाठी त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाले. २००४ ते २०१० मधल्या ऑक्टाव्हिया आरएस आणि पहिल्या लिनिया टी-जेट या मुदतीत आल्या आहेत. काढलेले मूळ भाग म्हणूनच भंगारात देऊ नयेत: इंटरकूलर, एअरबॉक्स, चाके, एक्झॉस्ट कापडात गुंडाळून, बिलांच्या फायलीसह कोरड्या जागी ठेवावेत. यांतले बरेच भाग आता नवे मिळत नाहीत.